बेलापूर किल्ला फेरी

नवी मुंबईतल्या बेलापूर गावातून निघून देऊळ, किल्ला, खाडी असं करत परत गावात येणारी पायी फेरी. कुठून वळता त्यावर अंतर चार-पाच किलोमीटर, रमतगमत दोनेक तास. रस्ता काही आखून दिलेला नाही, पण गावातलं अमृतेश्वराचं देऊळ, मग किल्ले गावठाण, गोवर्धनी मातेची टेकडी, बुरूज, रेतीबंदर आणि महापालिका मुख्यालयाच्या बाजूने परत, हा क्रम सोयीचा पडतो.

किल्ला नेमका कुणी बांधला यावर एकमत नाही. सगळीकडे जे छापून येतं ते असं, की सिद्द्यांनी पोर्तुगीजांकडून हा मुलूख घेतला आणि १५६० ते १५७० च्या दरम्यान किल्ला उभारला. हे जरा जपूनच घ्यावं लागतं. त्या दशकात जंजिऱ्याचे सिद्दी अहमदनगरच्या निजामशाहीचे चाकर होते, स्वतःच्या जोरावर फिरंग्यांचा मुलूख मारून किल्ले बांधणारी सत्ता ते पुढे सतराव्या शतकात झाले, आणि कल्याणचा प्रांत तर १६३६ पर्यंत निजामशाहीतच मोडत होता. म्हणजे आधी खाडीवर निजामशाहीची एखादी चौकी असावी आणि बांधकाम सिद्द्यांच्या काळात वाढलं असावं, हे त्यातल्या त्यात पटण्यासारखं. १६८२ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला घेतला हे साल मात्र जुळतं, तेव्हा या भागाला शहाबाज म्हणत, आणि त्या नावाचं गाव बेलापुरात आजही आहे.

पुढचा घोळ मराठ्यांच्या सालाचा. चिमाजी आप्पांनी १७३३ मध्ये किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण १७३३ ची मराठ्यांची कोकण मोहीम सिद्दीवर होती आणि चिमाजी आप्पांची साष्टी-वसईची स्वारी सुरू झाली १७३७ मध्ये, त्याच वर्षी ठाण्याचा किल्ला पडला, १७३९ मध्ये वसई. बेलापूर खाडीपलीकडे इतकं जवळ, की ते याच धामधुमीत हाती आलं असणार, त्यामुळे १७३७ कडे झुकतं माप द्यायला हरकत नाही. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाच्या पानांची माळ वाहीन असा आप्पांनी नवस केला आणि त्यावरून बेलापूर, ही कथा याच प्रसंगाला जोडतात. कथा गोड आहे, पण बेलापूर नावाचं गाव श्रीरामपूरजवळ पण आहे आणि तिथे कुणी नवस सांगत नाही.

२३ जून १८१७ ला कॅप्टन चार्ल्स ग्रे याने किल्ला घेतला. याला सर्रास ‘जिंकला’ म्हणतात. खरं तर दहाच दिवस आधी, १३ जूनला, पुण्याचा तह झालेला, आणि पेशव्यांनी सोडलेल्या मुलखात बेलापूर होतंच, तेव्हा लढाईपेक्षा ताबा दिल्या-घेतल्याचाच हा प्रकार दिसतो. मराठ्यांचं ठाणं उभं ठेवायचं नाही म्हणून इंग्रजांनी नंतर बरीच तोडफोड केली. किल्ल्यावर १४ तोफा आणि प्रत्येकी १८० माणसांच्या चार तुकड्या होत्या असा आकडा फिरतो. म्हणजे ७२० माणसं, आणि टेकाड बघितलं की एवढी माणसं झोपत कुठे असतील असा प्रश्न पडतो. घारापुरी बेटापर्यंत भुयार आहे ही गोष्ट गावात ऐकायला मिळते, पण मध्ये भरतीची अख्खी खाडी आहे हे कुणी लक्षात घेत नाही.

आज बघायला आहे ते मुख्यतः बुरूज. दगडांच्या सांध्यात झाडांची मुळं घुसलीत, काही ठिकाणी दगड मुळांनीच धरून ठेवलाय, त्यामुळे झाड काढायचं म्हटलं तरी पंचाईत. आजूबाजूला सिडकोची वसाहत. नवी मुंबई वसवणारं हे महामंडळ १९७० चं, महापालिका १ जानेवारी १९९२ पासूनची.

गोवर्धनी माता ही गावाची देवी, नवरात्रात गर्दी.

रेतीबंदराला यायचं तर ओहोटी धरून या. तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली असतात आणि मध्ये निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, टुणटुण उड्या मारत असतात, माणूस जवळ गेला की बिळात. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण आवडीने खातात. भरती चढली की यातलं काहीच दिसत नाही, नुसतं पाणी आणि होड्या. बेलापूर जेट्टीवरून वॉटर टॅक्सी सुरू झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये.

दम असेल तर स्टेशन ओलांडून पारसिक टेकडीच्या पायथ्याला आर्टिस्ट व्हिलेज पण जोडता येतं, चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात केलेली वसाहत, सात-सात घरं एका अंगणाभोवती आणि प्रत्येक घर पुढे वाढवता येईल असं सुटं. लोकांनी ती एवढी वाढवली की मूळचं घर शोधावं लागतं. पावसाळ्यात बुरुजाकडचे दगड शेवाळाने निसरडे होतात, चपला नकोत, बूटच घाला.