फोडणीचा धूर आणि चिमणीवरचा आकडा

स्वयंपाकघरासाठी चिमणी घ्यायला गेले की विक्रेता बहुधा एकच आकडा पुढे करतो, ती तासाला किती हवा ओढते याचा: ताशी १२०० घनमीटर, ताशी १४०० घनमीटर. आकडा मोठा म्हणजे चिमणी जोरकस, हा समज जाहिरातींनी पक्का करून ठेवला आहे. प्रत्यक्षात अशी महागडी चिमणी बसवलेल्या घरांतही मिरचीच्या फोडणीचा ठसका दिवाणखान्यापर्यंत पोहोचतो आणि फ्रिजच्या माथ्यावर बोटाला चिकटणारा पिवळसर थर साचतच राहतो. याचे कारण मोटरीत शोधण्याआधी कढईवरच्या हवेत शोधायला हवे.

पंख्याची फुंकर आणि पंख्याची ओढ यांत मोठा फरक असतो. हातभर अंतरावरची मेणबत्ती आपण फुंकून विझवू शकतो, पण श्वास आत ओढून ती विझवता येत नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोताने जाते. ओढलेली हवा मात्र सर्व बाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून दूर गेल्यावर तिचा वेग फार लवकर घटतो. शोषणाऱ्या छिद्राच्या व्यासाइतके अंतर गेले, की तो मूळ वेगाच्या जेमतेम दहाव्या भागावर येतो. शेगडी चिमणीपासून याहून लांब असते, म्हणजे कढईपाशी चिमणीची ओढ जवळजवळ जाणवतच नाही. मग धूर वर जातो कसा? तो आपला आपणच जातो, आणि या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते आणि वर चढू लागते, हे शाळेत शिकवले जाते. तिथे सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की ही चढणारी हवा एकटी जात नाही. तिच्या कडांवर भोवरे निर्माण होतात आणि ते आजूबाजूची थंड हवा आत खेचून घेतात. त्यामुळे लोट वर जाताना रुंदावत जातो आणि त्यातून वाहणाऱ्या हवेचे आकारमान दर वितीला वाढत जाते. १९५६ मध्ये मॉर्टन, टेलर आणि टर्नर या तिघा शास्त्रज्ञांनी या क्रियेचे गणित मांडले. भोवतालची हवा ज्या वेगाने आत खेचली जाते तो वेग लोटाच्या त्या ठिकाणच्या ऊर्ध्व वेगाच्या प्रमाणात असतो, हे त्यांचे मुख्य गृहीतक होते. त्यातून निघते ते असे: लोटातील हवेचा प्रवाह उष्णतेच्या घनमुळाच्या प्रमाणात, तर उंचीच्या पाच-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे आच दुप्पट केली तरी प्रवाह साधारण २६ टक्क्यांनीच वाढतो. उलट उंची दीडपट केली, तर तो जवळजवळ दुप्पट होतो. हे गणित बिंदूएवढ्या उगमाचे आहे. कढई किंवा तवा पसरट असल्याने ६० सेंटिमीटरवरून ९० सेंटिमीटरवर जाताना प्रत्यक्ष वाढ सुमारे दीडपट होते, तरीही ती थोडी नाही.

तेव्हा चिमणीचे खरे काम वर येणारा लोट पूर्णपणे झेलणे आणि तो सांडण्याआधी बाहेर काढणे हे आहे. एका मोठ्या बर्नरवरचा लोट पाऊण मीटर उंचीपर्यंत अंदाजे ताशी दोन-अडीचशे घनमीटर हवा घेऊन येतो. यावरून दिसते, की १४०० चा आकडा बहुतेक घरांत गरजेपेक्षा मोठा असतो आणि झेलणारे तोंड मात्र गरजेपेक्षा लहान असते. लोट दोन्ही बाजूंना दहा-पंधरा सेंटिमीटर रुंदावतो, म्हणून चार बर्नरच्या रुंद शेगडीवर ६० सेंटिमीटरची चिमणी बसवली की कडेच्या बर्नरांचा धूर बाहेर निसटतो. तिथे ९० सेंटिमीटरचीच हवी. चिमणी भिंतीला टेकलेली असल्याने तिचे तोंड पुढच्या बर्नरांपर्यंत पुरेसे येत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांतही मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला पकडला गेल्याचे दिसले. मासे तळायचे असतील तर कढई मागे ठेवावी, याला एक पैसाही पडत नाही. उंचीबाबत उत्पादकाने दिलेली किमान मर्यादा आगीच्या भीतीमुळे पाळलीच पाहिजे, पण दिसायला बरे म्हणून त्याहून वर जाऊ नये.

शेगडी आग्नेय कोपऱ्यात असावी की नाही यावर घरोघर जितकी चर्चा होते, तितकी ती खिडकीच्या झोतात येते का यावर झाली तर बरे होईल. धुराच्या लोटाला दिशांचे पावित्र्य कळत नाही. आडवा वारा मात्र लगेच कळतो. शेजारच्या खिडकीतून येणारी झुळूक किंवा छताचा पंखा लोटाला वाकवून चिमणीच्या बाहेर नेतो.

खोक्यावरचा आकडा बहुधा हवा बाहेर नेणाऱ्या नळीचा अडथळा धरून काढलेला नसतो. तेवढ्याच हवेसाठी सहा इंची नळीऐवजी पाच इंची नळी लावली, तर नळीत वाया जाणारा दाब सुमारे अडीचपट होतो. घड्यांची लवचिक नळी आणि प्रत्येक वळण त्यात भर घालते. शिवाय बाहेर जाईल तितकी हवा घरात यायला हवी. एसीसाठी सगळी दारे-खिडक्या बंद करून चिमणी चालवली, तर ती नुसता आवाज करते. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीशी पेटती उदबत्ती धरून पाहावी: धूर आत जोरात खेचला जात असेल, तर घरात हवा कमी पडते आहे. अशा वेळी ओट्यापासून दूरची एखादी खिडकी चार बोटे उघडावी.

हा सगळा खटाटोप नुसत्या वासासाठी नाही. कडक तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. इंडक्शन शेगडीने गॅसच्या ज्योतीतून येणारे नायट्रोजन डायऑक्साइड टळते, तेलाचे सूक्ष्म कण टळत नाहीत. नळीविना चालणाऱ्या, कोळशाच्या फिल्टरातून हवा पुन्हा घरातच सोडणाऱ्या चिमण्या उष्णता आणि वाफ मुळीच बाहेर काढत नाहीत, त्यामुळे रोज तळण-फोडणी करणाऱ्या घराने त्या घेऊ नयेत. नळी बाहेर काढायला जागाच नसेल, तर शेगडीच्या वर, भिंतीत थेट बाहेर उघडणारा नऊ इंची एक्झॉस्ट फॅन बसवावा. तो लोट झेलत नाही, खोलीतली हवा बदलत राहतो; म्हणून तो कढई तापायच्या आधी सुरू करावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा.