रॅम ओव्हरक्लॉकिंग : कामगिरी आणि स्थिरतेची पारख

संगणकाची मुख्य मेमरी, म्हणजेच रॅम, प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने किंवा अधिक आवळलेल्या टायमिंगवर (म्हणजे प्रत्येक कामासाठी कमी वेळ राखून) चालवणे याला रॅम ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. अशी रॅम किती जलद चालते आणि चूक न करता किती काळ चालते, या दोन्ही गोष्टी तपासल्या की तिची पारख झाली. बहुतेक जण पहिलीच तपासतात. दुसरी जास्त महत्त्वाची आहे.

रॅमचे प्रमाणित वेग जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ या रॅमच्या पिढीसाठी (तिच्यानंतरची डीडीआर५) जेडेकचे वेग १६०० ते ३२०० आणि व्होल्टेज १.२ आहे. त्यामुळे खोक्यावर ‘३६००, १.३५ व्होल्ट’ असे छापलेले किट (एकत्र विकल्या जाणाऱ्या रॅमच्या पट्ट्या, म्हणजे स्टिक) हे मुळातच ओव्हरक्लॉक केलेले असते. तो वेग स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो. अशा प्रोफाइलांपैकी इंटेलचे एक्सएमपी २००७ साली आले, एएमडीचे एक्सपो २०२२ साली. प्रोफाइल बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सुरू करावे लागते. ते न केल्यामुळे ३६०० वेगाच्या रॅमचे पैसे मोजून वर्षानुवर्षे २१३३ वर चालणारे संगणक घरोघरी सापडतात. (हे आकडे मेगाहर्ट्झचे नाहीत, सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती जाते त्याचे आहेत. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जात असल्याने ३६०० च्या रॅमचे घड्याळ १८०० मेगाहर्ट्झवर चालते.)

वेगाच्या आकड्यावरून सगळे कळत नाही. मागितलेली माहिती हाती यायला किती वेळ लागतो, हे सीएल या टायमिंगवर, म्हणजे घड्याळाचे किती ठोके थांबावे लागते यावर, अवलंबून असते. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की हा वेळ नॅनोसेकंदांत मिळतो. ३२०० सीएल१६, ३६०० सीएल१८ आणि डीडीआर५ मधली ६००० सीएल३०, तिन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच येते. ६००० सीएल४० घेतली तर ते १३ च्या वर जाते. नव्या पिढीचा फायदा मुख्यतः बँडविड्थमध्ये आहे : ३२०० वर एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती जाऊ शकते, ६००० वर ४८.

किट कितपत ताणता येईल, हे स्टिकरवरच्या नावापेक्षा आतल्या चिपवर ठरते. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डीडीआर४ च्या काळात सॅमसंगच्या ८ गिगाबिट बी-डाय या चिपच्या आवृत्तीला विशेष मान होता, कारण व्होल्टेज वाढवले की तिची टायमिंग सहज खाली येत. ३२०० सीएल१४ ही तिची ओळखीची खूण. डीडीआर५ मध्ये हायनिक्सच्या एम-डाय आणि ए-डायला तसे स्थान मिळाले.

मात्र रॅम एकटी धावत नाही. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली देवाणघेवाण सांभाळणारा भाग, एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या आत आणला. तेव्हापासून एकच किट एका प्रोसेसरवर जमते आणि दुसऱ्यावर अडते. एएमडीच्या रायझन ३००० प्रोसेसर मालिकेत ३६०० ते ३७३३ पर्यंत रॅम, कंट्रोलर आणि प्रोसेसरच्या भागांना जोडणारी आतली जोडवाट एकाच लयीत चालतात. त्यापुढे कंट्रोलर निम्म्या लयीवर येतो, म्हणून ४००० ची रॅम प्रत्यक्षात ३६०० हून मागे पडू शकते. दोनाऐवजी चार स्टिक लावल्या तरी कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि गाठता येणारा वेग उतरतो.

कामगिरी एडा६४ सारख्या साधनाने मोजता येते, पण रोजच्या वापरातला प्रोग्राम किंवा गेम चालवून पाहणे जास्त खरे. मोठी कॅशे (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) असलेल्या एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरवर रॅमच्या वेगाचा फरक बराच कमी जाणवतो.

आता स्थिरता. विंडोज सुरू झाले म्हणजे रॅम स्थिर आहे, हा समज घातक आहे. संगणक सुरूच झाला नाही तर ते त्यातल्या त्यात बरे : बायोस रीसेट करून मागे येता येते. विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला तरी निदान कळते. खरी हानी न दिसणाऱ्या चुकीत असते. एक बिट उलटतो, तो फाइलमध्ये साठवला जातो आणि काही महिन्यांनी जुन्या फोटोंची झिप उघडत नाही. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय आहे, पण ती चिपच्या आतपुरतीच. प्रोसेसरकडे जाताना वाटेत झालेली चूक ती पकडत नाही, म्हणून तिच्या भरवशावर वेग वाढवू नये.

चाचणीची सुरुवात पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६ या तपासणीच्या प्रोग्रामने करावी, कारण त्या वेळी विंडोज चालू नसते आणि ते बिघडण्याची भीती राहत नाही. पण तेवढ्याने भागत नाही. टेस्टमेम५ किंवा कारहू हे प्रोग्राम रॅमला जास्त ताण देतात. प्राइम९५ ची मोठ्या आकाराची चाचणी आणि वाय-क्रंचर प्रोसेसर व कंट्रोलरलाही कामाला लावतात. कित्येक तासांत एकच चूक निघाली तरी ती सेटिंग नापास धरावी. ‘एकच तर आहे’ हे म्हणणे इथे चालत नाही.

तापमान हा सर्वांत दुर्लक्षित भाग. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकतो. हा भार सतत गळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत, आणि ८५ अंशांच्या वर त्याच्या दुप्पट वेळा. वेग मिळवण्यासाठी ओव्हरक्लॉकर हे भरणे लांबवतात. उष्णतेने गळती वाढली की हीच कसर अंगाशी येते. आवळलेली बी-डाय तर ५० अंशांच्या आसपासच चुका करू लागते. त्यामुळे रॅमची चाचणी ग्राफिक्स कार्डावरही भार टाकून घ्यावी, कारण त्याची गरम हवा थेट स्टिककडे येते. विदर्भात डिसेंबरमध्ये पास झालेली सेटिंग मे महिन्यात, खोलीच ४० अंशांवर असताना, पुन्हा तपासायला हवी.

शिवाय रॅमचे सिग्नल जुळवण्याचे काम, ज्याला ट्रेनिंग म्हणतात, ते संगणक सुरू होताना नव्याने होऊ शकते आणि दर वेळी ते अगदी सारखे जमेलच असे नाही. म्हणून संगणक पूर्ण बंद करून, गार होऊ देऊन, पुन्हा सुरू करून तीच चाचणी निदान दोन-तीनदा घ्यावी.