काळ्या कपड्यांवरचे पांढरे डाग: पावडरचे की पाण्याचे?

मशीनमधून काढलेल्या काळ्या कुर्त्यावर पांढरट ओरखडे दिसले की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाच्या मते पावडर जास्त झाली, दुसऱ्याच्या मते पाणीच वाईट आहे. बरोबर कोणीही असू शकतं. पण नुसत्या अंदाजाने उपाय करू नये, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. साठलेली पावडर घालवायची तर पावडर कमी करावी लागते. जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्यात, मात्र पावडर कमी केली तर मळ निघत नाही आणि कपडे आणखी राखाडी पडतात.

डाग कुठे आहे ते आधी पाहा. पावडर ठिकठिकाणी अडकते: बाहीच्या घडीत, खिशाच्या तोंडाशी, जीन्सच्या जाड शिवणीत, म्हणजे जिथे पाणी नीट खेळलंच नाही तिथे. वाळल्यावर नखाने खरवडलं की भुकटी निघते, ओलं बोट फिरवलं की जरा बुळबुळीत लागतं. आज डाग दिसतील, पुढच्या धुण्यात एकही नसेल. क्षार असे लहरी नसतात. ते धुण्यागणिक थोडे थोडे चढतात आणि सगळ्या कपड्यावर पसरतात. काळा रंग विटल्यासारखा दिसतो, टॉवेल वाळला की पापडासारखा कडक होतो. अशा घरात बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आतल्या बाजूलाही पांढरा थर असतोच. (काळ्या कपड्यांवर नुसते बारीक तंतू असतील तर ती टॉवेलची लव आहे. मशीनमधली लव अडकवणारी जाळी साफ करा आणि टॉवेल वेगळे धुवा.)

तरी शंका राहिली तर डागावर आधी साधं कोमट पाणी घाला आणि हलकं चोळा. डाग गेला तर तो पावडरचा. नाही गेला तर त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बारीक बुडबुडे येऊन डाग विरघळला तर ते क्षार. हा क्रम चुकवू नका. बरेच जण थेट व्हिनेगर टाकतात आणि फसफसलं की पाण्याला दोष देतात. पण आपल्याकडच्या पावडरींमध्ये, विशेषतः स्वस्त पावडरींमध्ये, धुण्याचा सोडा भरपूर असतो आणि आम्लाने तोही फसफसतो.

पावडरचे डाग निघाले तर दोष बहुतेक वेळा आपल्या घाईचा असतो. ड्रम ठासून भरलेला, पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्रॅम, पाणी थंडगार आणि वर ‘मळ जास्त आहे’ म्हणून एक चमचा जादा. फेस जितका जास्त, तितकं खळबळणं अवघड. टॉप लोडमध्ये कपड्यांवर कोरडी पावडर भुरभुरण्याऐवजी ती आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घ्या. फ्रंट लोडच्या खणात पावडरचा गोळा शिल्लक राहत असेल तर पाण्याचा दाब तपासा. अनेक मशिनींच्या माहितीपुस्तिकेत किमान ०.३ बार दाब मागितलेला असतो, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण ३ मीटर उंच हवं. गच्चीवरच्या टाकीच्या थेट खाली राहणाऱ्यांना हा दाब अनेकदा मिळत नाही. पाणी आत घेणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. तिच्यात गाळ अडकला तरी हाच त्रास होतो, आणि ती साफ करायला मेकॅनिक लागत नाही.

पाण्याचा शोध घ्यायचा तर कॅलेंडर बघा. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणेचं पावसाचं साठलेलं पाणी येतं आणि पुणे शहराला खडकवासल्याचं. हे पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. वाघोली-उंड्रीसारख्या भागांत मात्र टँकर आणि बोअरवर भिस्त असते. बोअरचं पाणी जमिनीतल्या खडकातून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. हिवाळ्यापर्यंत स्वच्छ निघणारे कपडे एप्रिलमध्ये टँकर सुरू झाल्यावर डागाळू लागले तर मशीनला दोष देण्यात अर्थ नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारे टीडीएसचे आकडे इथे फारसे कामाचे नाहीत. टीडीएस मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यात कठीणपणा किती ते सांगत नाही. कठीणपणा मोजायचं वेगळं किट मिळतं.

जड पाण्यात सोड्याची पावडर वापरली की दोन्ही कारणं एकत्र येतात. सोडा कॅल्शियमला धरतो आणि न विरघळणारा चुनकट साका तयार होतो. तो धुऊन गेला नाही तर कपड्यावर बसतो. म्हणून ‘अजून थोडा धुण्याचा सोडा टाका’ हा घरगुती सल्ला इथे अंगाशी येतो. त्याऐवजी पाणी मऊ करणारे घटक असलेली चांगली पावडर, तीही जड पाण्यासाठी पाकिटावर दिलेल्या मापाने, आणि एक जादा खळबळणं. नळाला लावायचा छोटा फिल्टर गाळ अडवतो, कठीणपणा नाही. तो खरोखर कमी करायचा तर मीठ घालून पुन्हा ताजं करावं लागणारं रेझिनचं सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, लागतं. ते महाग आहे, त्यामुळे एकट्या घरापेक्षा सोसायटीने बसवलेलं परवडतं.

आधीच कडक झालेले सुती कपडे बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवून अर्धा तास भिजवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. रंग जाण्याची भीती असेल तर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहा. या पाण्यात ब्लीच चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.