पावसाळी ऑनलाइन शाळा (ठाणे आणि नवी मुंबई)

पावसामुळे किंवा दुसऱ्या कशामुळे शाळेची इमारत बंद ठेवावी लागली की त्या दिवशीचे तास मोबाइल नाहीतर लॅपटॉपवर घेतात, तो दिवस म्हणजे ऑनलाइन शाळेचा दिवस. ठाणे, नवी मुंबईत हा प्रकार मुख्यतः जून ते सप्टेंबर दरम्यान होतो. सरकारी कागदावर बहुतेक वेळा तो सुट्टीचाच दिवस असतो, आदेशात 'सर्व माध्यमांच्या, सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना सुट्टी' एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे तास घ्यायचे की नाही हे शाळा आपलं आपण ठरवते, त्यामुळे एकाच सोसायटीत एक पोरगं सकाळी आठला स्क्रीनसमोर बसलेलं असतं आणि शेजारचं खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत असतं.

मूळ

आधी पावसाची सुट्टी म्हणजे फक्त सुट्टी होती, आणि ती सुद्धा बऱ्याचदा पाणी भरल्यावरच मिळायची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, कितीतरी मुलं रात्रभर शाळेत नाहीतर बसमध्ये अडकली, त्यानंतर पाऊस यायच्या आधीच शाळा बंद करायचा विचार प्रशासन करायला लागलं. दुसरा बदल कोरोनाने केला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला परत भरले, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा काही दिवस बंद. या काळात प्रत्येक शाळेकडे वर्गवार व्हॉट्सअॅप ग्रुप, गुगल मीट नाहीतर टीम्सच्या लिंका आणि मुलांचे लॉगिन तयार झाले, ते सगळं शाळा उघडल्यावरही तसंच राहिलं. म्हणून आता रेड अलर्ट आला की 'मग ऑनलाइन घेऊया' हे इतक्या सहज निघतं.

सुट्टी कोण देतं

खरी गडबड इथे आहे, नेटवर्कमध्ये नाही.

हवामान खातं रंगाने इशारा देतं. 24 तासांत 204.4 मिमीच्या वर पाऊस पडला तर तो अत्यंत मुसळधार, आणि रेड अलर्ट साधारण तशा अंदाजावर येतो. पण अलर्ट म्हणजे सुट्टी नव्हे. सुट्टी जिल्हाधिकारी देतात, ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, किंवा आपापल्या हद्दीत महापालिका देते. ठाणे जिल्ह्यात महापालिकाच सहा आहेत, त्यामुळे ठाण्याला सुट्टी आणि कल्याणला शाळा असंही होऊ शकतं.

नवी मुंबईत तर आणखी गंमत. बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा, हार्बर लोकलवर पुढचं स्टेशन खारघर, तिथे पनवेल महापालिका आणि जिल्हा रायगड. पत्ता सगळेच नवी मुंबई लिहितात. राहायला खारघर आणि शाळा नेरूळला असेल तर आईबापांना दोन जिल्ह्यांचे आदेश बघावे लागतात. ऐरोलीचं मूल पूल ओलांडून मुलुंडच्या शाळेत जात असेल तर मुंबई महापालिका, म्हणजे तिसरंच ऑफिस. नियम साधा आहे, शाळा ज्या हद्दीत तिथला आदेश चालतो, पण सकाळी पावणेसहाला डबा भरता भरता हे कुणाला सुचतं! त्यात गेल्या वर्षीचं पत्र तारीख न बघता फॉरवर्ड करणारे महाभाग प्रत्येक ग्रुपवर असतातच.

वेळेचा प्रश्न त्याहून मोठा. आदल्या रात्री आदेश आला तर सगळं सुरळीत होतं, शिक्षक रात्रीच लिंक आणि वेळापत्रक टाकतात. सकाळी साडेसहाला आला तर घोडबंदर रोडची स्कूल बस निघालेली असते, सकाळच्या सत्राची मुलं अर्ध्या वाटेत असतात, बस परत फिरवायची आणि ऑफिसला निघालेल्या आईबापांना फोन लावायचे. 18 ऑगस्ट 2025 ला मुंबईत दुपारच्या सत्राला त्याच दिवशी सुट्टी दिली, दुसऱ्या दिवशी 19 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडेच शाळा बंद होत्या. घरी बसून सुट्टी मिळालेली बरी, शाळेत पोचून मिळालेली सुट्टी म्हणजे ताप.

पाऊस किती यापेक्षा तो कधी पडतो हे पण बघावं लागतं. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळी जोर धरला तर पाणी खाडीत जातच नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले, भरतीला त्यांच्या झडपा बंद होतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. ठाण्यात वंदना डेपोच्या आसपास पाणी भरलं ही बातमी दरवर्षी येते. नऊ वाजता ऊन पडलं की 'कशाला दिली सुट्टी' म्हणणारे असतात, पण निर्णय बहुतेक वेळा पावसाचा अंदाज आणि भरतीचं वेळापत्रक बघून आधीच घेतलेला असतो, आकाशाकडे बघून नाही.

दिवस कसा जातो

पूर्ण वेळापत्रक सहसा नसतं. केंद्राने जुलै 2020 मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तास आणि नववी ते बारावीला चार, प्रत्येक तास 30 ते 45 मिनिटांचा, पूर्वप्राथमिकला पालकांसोबत 30 मिनिटंच, असं सांगितलंय. साधारण त्याच्याच आसपास शाळा जातात. पहिली पंधरा मिनिटं हजेरीत, 'मिस आवाज येत नाहीये', कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुणाची आजी मागून विचारते पोहे खाणार का, आणि मग गणिताची दोन उदाहरणं होतात तोवर लाइट जाते. लाइट गेली की वायफाय जातं, मग मोबाइल डेटा. म्हणून ज्या शाळांना अनुभव आहे त्या नवीन धडा घेतच नाहीत, उजळणी, वाचन, नाहीतर वहीत लिहून फोटो पाठवा असं काम देतात. हे जास्त शहाणपणाचं आहे असं माझं मत, त्या दिवशी नवा धडा घेतला तर तो पुढच्या आठवड्यात परत शिकवावाच लागतो.

शिक्षकांचं कुणी फारसं बोलत नाही. काही आदेशांत सुट्टी फक्त विद्यार्थ्यांना असते, मग बदलापूर, टिटवाळ्याहून येणाऱ्या बाई लोकल रखडलेली असताना फोनवरच हजेरी घेत असतात.

महापालिकेच्या शाळांत चित्र वेगळं. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, रिक्षावाल्याचं किंवा डिलिव्हरीवाल्याचं पोटच त्या फोनवर असतं. तिथे ग्रुपवर अभ्यास टाकतात, मूल तो रात्री बघतं नाहीतर बघतच नाही. कोरोनात यासाठीच सह्याद्री वाहिनीवर वर्गवार धडे दाखवले होते, सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं अॅपही आहे, पण एका दिवसाच्या सुट्टीला टीव्हीवर वेगळं काही लावत नाहीत.

पावसाशिवाय

निवडणुकीत शाळा मतदान केंद्र होते आणि शिक्षक ड्युटीवर जातात, 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाला तसंच झालं. अशा वेळी तास घ्यायला माणूसच नसतो, त्यामुळे ऑनलाइनचा प्रश्न येत नाही.

दिवसांचा हिशोब

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास शाळा भरली पाहिजे. कायद्यातल्या या तक्त्यात ऑनलाइन दिवसाचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे बऱ्याच शाळा ऑनलाइन तास घेऊनही बुडालेला दिवस शनिवारी भरून काढतात, आणि एखादा पावसाळा फारच लांबला तर पहिल्या घटक चाचणीची तारीख पुढे ढकलतात.