स्मोक मशीन की ड्राय आइस: घात कुठे होतो

एकांकिका स्पर्धांचा हंगाम आला की गडकरी रंगायतनपासून वाशीच्या भावे नाट्यगृहापर्यंत कुठल्याही विंगेत, स्टेजवर धुकं दाखवायची वेळ आली की कुणीतरी ठासून सांगतंच, "स्मोक मशीन नको, त्यात केमिकल असतं. ड्राय आइस आणा, तो नुसता बर्फ." ऐकून ऐकून कान किटले.

स्मोक मशीन सगळ्यांनी वापरलंय, त्यामुळे थोडक्यात. ग्लायकॉल नावाचं रसायन आणि पाणी यांचं मिश्रण तापून धुकं होतं. घसा कोरडा पडतो, दमेकरी नटाला त्रास होतो, मशीनच्या तोंडाशी स्टेज निसरडं होतं. स्मोक डिटेक्टर असेल तर थिएटरवाल्यांना आधी सांगा. झालं.

ड्राय आइस म्हणजे उणे ७८ अंशांवरचा घन कार्बन डायऑक्साइड. हातमोजे घालायचे एवढं पाठ असतं आणि मंडळी तिथेच थांबतात. गरम पाण्यात टाकल्यावर जे पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब. वायूला ना रंग, ना वास. पांढरं विरलं की "साफ झालं" म्हणत पुढचं पात्र आत पाठवतात, आणि घात होतो तो इथे. हा वायू हवेच्या दीडपट जड, खालीच साचून राहतो.

१ किलोतून ५०० लिटरहून जास्त वायू निघतो. आता भूत वर यावं म्हणून नेपथ्यकाराने हौसेने केलेली ८ बाय ४ फुटांची, ३ फूट उंच पोकळ लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा चौथरा, घ्या. आत हवा जेमतेम २,७०० लिटर. ४ टक्के कार्बन डायऑक्साइडसुद्धा जिवावर बेतू शकतो. इथे प्रमाण सहज त्यापुढे जातं. "दार उघडं आहे की" हे मला ऐकवू नका, लेव्हलच्या पोटाला दार कुठलं? ऑक्सिजन उरला असला तरी भागत नाही. हा वायू स्वतःच धाप लावतो, गरगरवतो, शुद्ध घालवतो.

त्यामुळे सेटमध्ये खड्डा, पोकळ लेव्हल किंवा मरून पडलेलं पात्र असेल तर माझ्याकडे ड्राय आइसला बंदी. जमिनीलगतच धुकं हवं असेल तर साध्या बर्फावरून धूर थंड करून सोडणारं लो फॉग मशीन भाड्याने घ्या.

आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये काचा लावून, एसी चालू ठेवून ड्राय आइसचा डबा मागच्या सीटवर आणणाऱ्यांनो, गाडीतही तोच वायू साचतो. काचा उघडा. डब्याचं झाकणही घट्ट लावू नका, दाबाने फुटतो.