साखर कारखान्यातील कामगारकेंद्री सुरक्षारचना

ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीवर, रस काढणाऱ्या मिलवर, रसाची साखर बनवणाऱ्या पॅनवर प्रत्यक्ष उभ्या राहणाऱ्या कामगाराचे हात, नजर, थकवा आणि घाई गृहीत धरून यंत्रांची मांडणी, कामाची पद्धत आणि सुरक्षेची साधने ठरवणे, म्हणजे कामगारकेंद्री सुरक्षारचना. सातारा-सांगलीच्या कृष्णा-वारणा पट्ट्यात, रेठरे बुद्रुक किंवा साखराळ्यासारख्या ठिकाणच्या सहकारी कारखान्यांत, तिचा कस गळीत हंगामात लागतो. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झाले की मार्च-एप्रिलपर्यंत ते आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत अखंड चालते. मिल थांबली तर बाहेर ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग वाढते, तोडलेल्या उसाचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो. म्हणून यंत्र कोण, कुठून आणि किती लवकर थांबवू शकतो, हा या रचनेचा गाभा आहे.

खरा धोका चोकअप, म्हणजे यंत्रात अडकून दाटलेला ऊस, काढताना असतो. मोळ्या आडव्या अडकतात, कटरखाली ऊस दाटतो. स्टॉप बटण फक्त वरच्या केबिनमध्ये असेल तर खालच्या माणसाची हाक गोंगाटात पोहोचत नाही आणि तो चालत्या साखळीवरच आकडीने ऊस ओढू लागतो. रोज मोडला जाणारा नियम बहुधा मांडणीतली चूक दाखवतो; नोटीस चिकटवण्याआधी बटण खाली आणावे. बगॅस, म्हणजे रस काढलेला चोथा, वाहणाऱ्या पट्ट्यावर तर दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीभर, ओढताच पट्टा थांबवणारी ओढदोरी हवी, पडता पडताही हाताला लागेल अशी.

चोकअप काढण्याचा क्रम असा: आधी केबिनला कळवायचे, मोटर बंद करून तिचा वीजपुरवठा पॅनेलवर तोडायचा. आत उतरणाऱ्या प्रत्येकाने तिथे स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. मग स्टार्ट बटण दाबून यंत्र खरोखर मेले आहे ना हे पाहायचे. एवढ्यावर थांबू नये, कारण ताणलेली साखळी अडथळा निघताच झटक्याने सरकते. तिला आधी अडसर द्यावा. मिलच्या वरच्या रोलरवरील हायड्रॉलिक दाबही काम सुरू करण्यापूर्वी उतरवावा लागतो. काम चालू असताना पाळी बदलली, तर येणाऱ्याचे कुलूप लागल्यावरच जाणाऱ्याने आपले काढायचे. चौघांत एकच कुलूप वापरण्याची सवय सर्वांत घातक, कारण पहिला वर आला की कुलूप निघते.

हातमोजे सगळीकडे चालत नाहीत. फिरत्या रोलरजवळ मोज्याचे टोक आधी ओढले जाते आणि मागून हात. डिसेंबरच्या रात्रपाळीत मफलरचेही तसेच. त्याला नुसती बंदी घालून भागत नाही, कारखान्याने कानटोपी द्यावी. रस सांडून चिकट झालेल्या जिन्यांना उठावदार पत्रा हवा. चुन्याच्या टाकीजवळ डोळे धुण्याचा नळ दहा सेकंदांत गाठता येईल इतका जवळ असावा; चुना डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे धुवावे लागते.

हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगला माणसे मळीच्या टाक्यांत, ज्यूस हीटरमध्ये, सांडपाण्याच्या खड्ड्यांत उतरतात. तिथे हवेतील ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण हा वायू वाढला की नाकाची जाणीवच मारतो. आत २४ व्होल्टपर्यंतचाच हातदिवा, कमरेला दोरी आणि बाहेर एक पहारेकरी हवा. पहारेकऱ्याने एकट्याने आत उडी मारायची नाही. घाईने वाचवायला गेलेलेच अनेकदा दगावतात.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक उद्योगांसाठी कामगारांचा समान वाटा असलेली सुरक्षा समिती आणि निकट धोक्याची सूचना देण्याचा हक्क आणला. समितीत फिटर, ऑइलमन, पॅनमन बसले तरच तिचा उपयोग. हंगामी आणि कंत्राटी माणसे सहा-सहा महिन्यांनी परत येतात. त्यांच्याकडून कुलपाचा क्रम पहिल्या पाळीआधी हाताने करून घ्यावा. टळलेल्या अपघाताची नोंद पाळीच्या वहीत लिहिणाऱ्याला त्यावर काय केले हे दोन-तीन दिवसांत कळवावे. उत्तर मिळाले नाही किंवा उलट मेमो हातात पडला, तर पुढच्या हंगामात वही कोरी राहते.