श्वासनलिकेची शस्त्रक्रिया जनआरोग्य योजनेतून : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

व्हेंटिलेटरवरून सुटून घरी आलेल्या माणसाला काही आठवड्यांनी धाप लागायला लागली, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर तो दमाच असेल असे धरून बसू नका. व्हेंटिलेटरसाठी घशातून घातलेल्या नळीच्या दाबाने श्वासनलिकेला आतून जखम होते आणि ती भरताना वाट आखडते. मग दुर्बिणीतून ती रुंद करायची, टी-ट्यूब (वाट उघडी ठेवणारी T आकाराची नळी) बसवायची की आखडलेला तुकडा काढून दोन्ही टोके जोडायची, हे सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिकेची आतून तपासणी) पाहून सर्जन ठरवतात.

खर्चासाठी महाराष्ट्रात पहिले दार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे. पिवळे, केशरी आणि आता पांढरे रेशनकार्डही चालते. मर्यादा वर्षाला 5 लाख रुपये, पण ती अख्ख्या कुटुंबाची. आधीचा आयसीयूचा खर्च याच योजनेतून झाला असेल तर किती शिल्लक आहे, ते आधी विचारा. या आजारात एकाहून जास्त वेळा दाखल व्हावे लागू शकते.

रुग्णालय नुसते योजनेत असून भागत नाही. कान-नाक-घसा किंवा छातीच्या शस्त्रक्रियेसाठी ते अंगीकृत, म्हणजे योजनेने मान्य केलेले, हवे. तिथल्या आरोग्यमित्राला (रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाला) भेटा, नाहीतर 155388 वर फोन करून खात्री करा.

रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे अहवाल लागतातच. रेशनकार्डावर रुग्णाचे नाव आहे ना, ते आजच बघा. नव्या सुनेचे आणि लहान मुलांचे नाव हमखास राहिलेले असते. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे आधीच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. नळी कधी घातली, किती दिवस होती, गळ्याला छिद्र पाडले होते का, हे सर्जनला त्यावरूनच कळते. फाईल मोडीत घालू नका.

कागद जमले की रुग्णालयच ऑनलाइन पूर्वमान्यता मागते. ठरवून करायची शस्त्रक्रिया त्या मंजुरीआधी करून घेऊ नका. श्वासच अडकला असेल तर मात्र कागदांसाठी थांबायचे नाही; आधी दाखल करा, तातडीची मंजुरी रुग्णालय फोनवरून घेते.

योजनेत बसलेच नाही, तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (वार्षिक 1.60 लाखांच्या आतला) आणि डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते. हा अर्ज रुग्ण दाखल असतानाच करा. बिल भरून घरी गेल्यावर पैसे परत मिळत नाहीत.